तुर्कीतली 'चूक': सुरुवातीला एवढंच पक्कं करा

इंग्रजीतल्या एररसाठी तुर्कीत एकच शब्द शोधू नका. आधी तीन घ्या:

- हाता: घडलेली चूक. 'हाता याप्माक' म्हणजे चूक करणं. संगणकावरचा एररही हाताच.
- यान्लिश: चुकीचा. राँग नंबर म्हणजे 'यान्लिश नुमारा'. इथे हाता चालत नाही.
- कुसुर: उणीव, दोष. आपल्या 'कसूर'चं मूळही हाच अरबी शब्द, त्यामुळे चटकन लक्षात राहील. 'कुसुरा बाक्मा' म्हणजे 'दोषाकडे बघू नकोस', अर्थात माफ कर. अनोळखी माणसाला मात्र 'बाक्मायिन'च म्हणा.

'बिनचूक'साठी शेवटी प्रत्यय लागतो आणि नवशिके नेमके तिथेच अडतात, कारण त्याचा स्वर आधीच्या स्वराप्रमाणे बदलतो: हातासिझ, पण कुसुरसुझ. हिशेब हातासिझ असतो, सौंदर्य कुसुरसुझ. बाकीचे बारकावे नंतर बघू.