वीस पावलांवरून बाण सोडायचा का?

या महिन्यात तीर-कमठ्यावरची तीन पत्रं आली. पहिलं थोडं कापून छापतोय, पण उत्तर मात्र लांब दिलंय, कारण असे प्रश्न मला शेतात, लग्नात, कुठंही भेटलेली पोरं विचारायला लागलीत.

प्रश्न : सर नमस्कार. मी कन्नड तालुक्यातला, वय २४. आमचं शेत गौताळा अभयारण्याच्या डोंगराला लागून हाये. मका अन भुईमूग दरसाली रानडुकरं उकरायलीत, रोही (नीलगाय) तर आता दिवसा पण यायलेत. मी दोन वर्षांपासून कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) चालवायलो, ५० मीटरवर टार्गेटची मधली दहाची रिंग बऱ्याचदा लागते. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघतो, वीस यार्डावरून एवढं मोठं जनावर पाडतात, ना आवाज ना काही. फासे, गावठी बॉम्ब, तारंत करंट सोडणं यापेक्षा हे इमानदारीचं वाटतं मला. तुमचं काय म्हणणं हाये?

उत्तर : भाऊ, आधी कायद्याचं सांगतो म्हणजे पुढं मोकळं बोलता येईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हे पण शिकारच धरलंय, त्यामुळे बाण हुकला म्हणून सुटका नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोहीला मारायचं तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. आणि काळविटाला लागला तर ते शेड्यूल एकमधलं, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक यादीतलं जनावर, तीन ते सात वर्षं आत. म्हणजे तुझा बो घेऊन तू बांधावर बसू नको, हे माझं पहिलं आणि पक्कं उत्तर.

पण तू कायदा विचारला नाहीस, इमानदारी विचारलीस, आणि ते मला आवडलं, म्हणून पूर्ण सांगतो.

बंदुकीची गोळी आणि बाण यांचं काम वेगळं आहे. गोळीच्या धक्क्यानं जनावर बऱ्याचदा जागेवर बसतं, बाणाला तेवढा धक्का नसतो, बाण कापतो आणि जनावर रक्त जाऊन मरतं. म्हणून तिकडचे चांगले शिकारी ब्रॉडहेडचं, म्हणजे बाणाच्या शिकारी टोकाचं पातं दाढीच्या ब्लेडसारखं ठेवतात, ताणलेल्या रबरबँडवरून फिरवून बघतात, नुसतं टेकवल्यावर कापलं तर ठीक नाहीतर परत घासतात, कारण बोथट पातं रक्तवाहिनी कापत नाही, बाजूला ढकलतं. ते पातं दोन्ही फुफ्फुसातून गेलं तर जनावर काही सेकंदांत पडतं, आणि एक वीत मागं पोटात गेलं तर तेच जनावर तासन् तास, कधी दिवसभर जिवंत राहतं. ही एक वीत म्हणजे सगळा प्रश्न आहे भाऊ.

आता तुझ्या ५० मीटरचं. ५० मीटरवर दहाची रिंग आठ सेंटीमीटरची असते, ती लागते म्हणजे हात चांगला आहे तुझा, खरंच शाबास. पण टार्गेट हलत नाही अन टार्गेटला कान पण नसतात. तुझा बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या चौपट वेगानं पुढं पोचतो. ४० मीटरवर बाणाला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात दचकलेलं हरीण उडी घ्यायला आधी अंग खाली दाबतं, आणि तू फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीत जातो. २० मीटरवर पाव सेकंद, तिथं जनावराला वेळ पुरत नाही, तरी पण कान टवकारून तुझ्याकडंच बघत असलं तर पुरतो. म्हणजे तिकडं वीस यार्ड म्हणतात ती मर्दुमकी नाही, त्याच्या पुढं जनावराचे हाल होतात म्हणून पाळलेली हद्द आहे. आणि वीस पावलांवर जायचं तर वारा तोंडावर पाहिजे, पाचोळा वाजला नाही पाहिजे, जनावराचं डोकं खाली किंवा झाडाआड गेल्याशिवाय कमठा ओढता येत नाही. जनावर आडवं उभं पाहिजे किंवा थोडं पाठमोरं तिरकं, समोरून नाही, ढुंगणाकडून तर नाहीच. एवढं सगळं जुळून येईपर्यंत तासभर बसायचं आणि नाही जुळलं तर ओढलेली दोरी हळूच परत आणून घरी यायचं. व्हिडिओत हे दिसत नाही. तिथं पडलेलं जनावर दिसतं, दहा दिवस न सोडलेले बाण कोण दाखवणार.

रानडुक्कर तर याहून अवघड. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढालच असते, हृदय पण आपल्याला वाटतं त्याहून खाली आणि पुढं. आणि आपला रोही, दोनशे किलोच्या वर जाणारा नर, तो १९२०-३० च्या सुमाराला टेक्सासमध्ये नेऊन सोडला होता, आज तिथं त्याची रीतसर शिकार होते आणि कातडी जाड, जीव चिवट अशी त्याची तिथं ख्याती आहे. तिथल्या अनुभवी माणसाला जो जड जातो तो तू पहिल्याच झटक्यात पाडशील असं मला वाटत नाही, रागावू नको.

बाण लागल्यावरचं काम तर कोणी विचारतच नाही. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, तरी अर्धा तास जागेवरच बसायचं. काळपट लाल म्हणजे बहुतेक यकृत, मग काही तास. हिरवट घाण आणि वास आला तर पोटात गेलाय, सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त थांबायचं, नाहीतर जनावर उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. मग रक्ताचा थेंब न थेंब शोधत जायचं, गुडघ्यावर बसून, पानं उलटी करून. तुझ्याकडं तर पुढं मका आणि त्याच्या पुढं डोंगर, कुठं शोधशील?

मी हे वाचून सांगत नाही. दहावीत होतो तेव्हा आमच्या उसात वास यायला लागला, ऊसतोडीला आलेल्या बाया आत जायला तयार होईनात. मामा आणि मी कोयता घेऊन शिरलो तर चौथ्या-पाचव्या सरीत रानडुकरीण मेलेली, कुशीत मागच्या बाजूला कोणाच्या तरी बरचीचं मोडकं लाकूड. आजूबाजूचा ऊस गोल आडवा झालेला, माती उकरलेली. मामा म्हणाला तीन दिवस तरी फिरली असंल ही. त्याच वर्षी त्याच मामासोबत ज्वारीच्या माळ्यावर बसलेलो असताना रोही पंधरा पावलांवर आला होता, ताटं मोडल्याचा कडकड आवाज, नाकातून वाफ, पापणी हललेली पण दिसली. गोफण हातात होती तरी मी हललो नाही. तुला जवळून बघायची ओढ आहे ना, ती मला कळते, ती वाईट नाही.

आणि आपल्याकडं दशरथाची गोष्ट आहेच. बाण बरोबर लागला होता, नेम चुकला नव्हता, फक्त समोर काय आहे ते न बघता आवाजावर सोडला होता. मक्यात रात्री जे खसखसतं ते दरवेळी डुक्करच असतं का? पाणी द्यायला शेजारचा माणूस पण रात्रीच जातो, लाईटच तेव्हा असते.

फासा, बॉम्ब, करंट यापेक्षा बरं, हे तुझं खरं आहे, पण ते मोजमापच खालचं झालं. पिकासाठी सौर झटका मशीन लाव, मेनचा करंट तारंत कधीच सोडायचा नाही. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडं अर्ज दे, पंचनामा झाल्याशिवाय ते रान नांगरू नको. भरपाई कमी मिळते आणि उशिरा मिळते, हे मला माहितीये, तरी दे. अर्जच गेले नाहीत तर कागदावर तुझ्या गावात डुकरं नाहीतच.

प्रश्न : आमच्या घरात माळ आहे. जनावराला बाण मारणं यात नीती कसली शोधता तुम्ही? — एक वाचक ताई, परभणी

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि जगात पण यावर एकमत नाही. इंग्लंडमध्ये धनुष्यानं हरणं मारायला बंदी आहे, अमेरिकेत विस्कॉन्सिननं १९३४ मध्ये धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला, डेन्मार्कनं १९९९ पासून परवानगी दिली पण परीक्षा घेऊन. माझं मत विचाराल तर मारायचंच असेल तिथं हाल कमी कसे होतील हे बघणं ही पण नीतीच, पण मारायची गरज नसताना फक्त मजेसाठी मारणं मला पटत नाही, माळ नसली तरी. जनावर जवळ येऊ देऊन न मारता परत जाऊ देणारा शिकारी मला मात्र जवळचा वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, लातूरला शिकते. आदिती स्वामीचं मेडल बघितल्यापासून तिरंदाजीच पाहिजे म्हणते. प्राण्यांच्या आकाराची टार्गेट असतात असं ऐकलं, त्यानं मनावर वाईट परिणाम होईल का?

उत्तर : नाही होत, ते फोमचे पुतळे असतात. त्या प्रकाराला थ्रीडी तिरंदाजी म्हणतात, वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेची त्याची जागतिक स्पर्धा पण होते. झाडीत पुतळे ठेवतात, अंतर सांगत नाहीत, कंपाउंडला जास्तीत जास्त ४५ मीटर, ते स्वतःच्या डोळ्यानं ओळखायचं. वर कन्नडच्या भावाला पण मी हेच सुचवीन, त्याला हवी असलेली सगळी कसोटी तिथं आहे. साताऱ्याची आदिती आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेते झाले, दोघंही कंपाउंडचे, पण म्हणून लगेच महागडा कंपाउंड घेऊ नका. आधी हलक्या ओढीचा साधा बो, जवळचा कोच, आणि पहिले दोन महिने दहा मीटरच्या पुढं जाऊ देऊ नका. आर्मगार्ड, म्हणजे हातावरची संरक्षक पट्टी, पहिल्या दिवसापासून घालायचा, दोरी हातावर बसली की आठवडाभर काळंनिळं राहतं आणि मग पोरी बो धरायलाच भितात.