आधी पोराशी बोला, क्लासचं नंतर बघू

चोपडा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावीला ७१ टक्के, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले. नीट एकदा दिली, एक वर्ष रिपीट केलं, दोन्ही वेळा जमलं नाही. आता तिसऱ्यांदा लातूरला पाठवायचंय, क्लास कोणता चांगला, असं ते विचारतात. मुलाला मात्र गेम बनवायचे आहेत. मित्रांसाठी त्याने ऑनलाइन शर्यतीचा एक खेळ तयार केला होता. एका मित्राने त्यात खोटा स्कोअर घुसवला, तेव्हा हा चार रात्री जागून तेच दुरुस्त करत बसला. पत्राचा शेवट असा: ‘तेव्हापासून लॅपटॉप कपाटात आहे, दोन महिने मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो ताट घेऊन खोलीत जातो.’

भाऊ, क्लासचं नाव मी सांगणार नाही. ती शेवटची वाक्यं वाचल्यावर गुणांकडे माझं लक्षच गेलं नाही. पोरगं दोन वर्षं तुमच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यासाला बसलं, दोनदा अपयश आलं, आणि त्याला बापाची सर्वांत जास्त गरज असताना तुम्ही बोलणं टाकलंत. याला शिस्त म्हणत नाहीत. घरात कोणी बोलेना, मित्रांत जायची लाज, आवडीचं काम कुलपात. अशी मुलं आतून किती खचतात ते मी रोज बघतो. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून जेवा. नीटचा विषय काढू नका. झोप-भूक गेलेली दिसली, तो बोलेनासाच झाला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिसऱ्यांदा नीट द्यायची त्याची स्वतःची इच्छा असती तर विचार केला असता. तुमच्या पत्रात ती कुठेच नाही. ‘डॉक्टर झाला तर गावात नाव होईल’ हे मात्र दोनदा आहे.

आता त्या चार रात्री. तुम्ही त्याला मोबाईलचं वेड म्हणता. मला ती या पत्रातली सर्वांत चांगली बातमी वाटते. तुम्ही जिनिंगवर कापूस नेता तेव्हा घरून सांगितलेलं वजन कोणी धरत नाही. गाडी काट्यावर चढते आणि काटा दाखवेल तेच खरं. तुमच्या मुलाच्या खेळात प्रत्येकाचा फोन आपले गुण आपणच सांगत होता आणि सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे फोन ज्याला जोडलेले असतात तो मधला संगणक, ते मान्य करत होता. फोन खेळणाऱ्याच्या ताब्यात असतो, त्यातला आकडा तो बदलू शकतो. म्हणून फोनने फक्त कोणतं बटण दाबलं एवढंच कळवायचं. जागा, वेग, गुण सर्व्हरने मोजायचे. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांचा हा पहिला धडा. त्याला तो ठेच लागून मिळालाय.

पण मग सगळंच गणित सर्व्हरवर टाकलं की झालं, असा समज या टप्प्यावर बहुतेकांचा होतो. तो चुकीचा आहे, आणि हा भाग त्यालाच वाचायला द्या. इंटरनेटचे संदेश नेणाऱ्या काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून जाऊन यायलाच जवळपास ४० मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग), प्रत्यक्षात त्याहून जास्त. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात दर १६-१७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं. प्रत्येक वळणाला उत्तराची वाट पाहिली तर खेळ जड वाटणारच. म्हणून फोन अंदाजाने गाडी लगेच वळवून दाखवतो, सर्व्हर मागाहून खरी जागा कळवतो, आणि तफावत असेल तर फोन ती सुधारून घेतो. टेलिफोनच्या तारेवरून संथ इंटरनेट यायचं त्या मोडेमच्या काळात, १९९६ मध्ये, क्वेकवर्ल्ड या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाने हा मार्ग घेतला. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्स या सैन्य लढवायच्या खेळाने वेगळं केलं: शेकडो सैनिकांच्या जागा पाठवायच्याच नाहीत, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक संगणकाने तीच लढाई आपापल्याकडे तंतोतंत मोजायची. त्यात अडचण ही, की सगळा नकाशा प्रत्येकाच्या संगणकात असतो, त्यामुळे लपलेलं सैन्य चोरून बघता येतं. त्याच्या शर्यतीत निकाल न बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे धूर, आवाज, चाकांखालची धूळ, खुशाल फोनवर ठेवाव्यात. जो प्रतिस्पर्धी दिसायला नको, त्याची जागा फोनला कळवूच नये.

हे सारं नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि गणित आहे, म्हणजे सरळ कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. त्यामुळे लाखोंची फी घेणाऱ्या ‘गेमिंग’ कोर्सच्या मागे मुलानेही लागू नये. एमएचटी-सीईटी ही राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा द्यावी, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी, धुळे, शिरपूर असे पर्याय घराजवळ आहेत. गेमची नोकरी नाही मिळाली तरी हे ज्ञान बँकेच्या आणि तिकिटांच्या सर्व्हरवरही चालतं. ‘सरकारने गेमिंगवर बंदी घातली’ असं तुम्ही लिहिलंय. २०२५ च्या कायद्याची बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे, खेळ बनवण्यावर नाही.

लॅपटॉप त्याला परत द्या, अट न घालता. आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. बारावीला गणितात किती होते, आणि शर्यतीतलं कोणतं गणित तो फोनवर ठेवेल, कोणतं सर्व्हरवर आणि का, एवढं त्याने लिहावं.