ब्रुकलिन हे शहर की शहराचा तुकडा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा होती. ‘लोकसंख्येनं अमेरिकेतलं चौथं मोठं शहर कोणतं?’ या प्रश्नाचं कागदावर उत्तर होतं ह्यूस्टन. सुट्टीवर आलेला माझा भाचा ब्रुकलिनला राहतो. तो म्हणाला, “मावशी, चौथं आमचं ब्रुकलिन.” परीक्षक काका म्हणाले, ते तर न्यूयॉर्कचं उपनगर, शहर कसलं? वाद मिटलेला नाही. गुण कोणाला द्यायचे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, आकड्यांत भाचा चुकलेला नाही. 2020च्या जनगणनेत ब्रुकलिनची लोकसंख्या 27,36,074 आणि ह्यूस्टनची 23,04,580. ब्रुकलिन वेगळं काढलं तरी उरलेलं न्यूयॉर्क साठ लाखांवर, म्हणजे पहिलंच. मग लॉस एंजेलिस, शिकागो आणि चौथं ब्रुकलिन. शिकागो पुढे आहे ते अवघ्या 10,314 माणसांनी.

पण एकट्या ब्रुकलिननं वेगळी चूल का मांडायची? न्यूयॉर्कचाच दुसरा भाग असलेल्या क्वीन्सची वस्तीही 24 लाखांवर, ह्यूस्टनपेक्षा जास्त. न्यूयॉर्कचे पाचही बरो, म्हणजे शहराचे पाच मोठे विभाग, सुटे केले, तर ब्रुकलिन तिसरं होतं आणि चौथं येतं क्वीन्स! भाच्याला त्याच्या क्वीन्सच्या मित्रांसमोर हा हिशेब मांडायला सांगा, मजा येईल.

तरी काकांचं ‘उपनगर’ मला पटलं नाही. 1834 ते 1897 ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं, स्वतःचा महापौर असलेलं. 1894च्या मतदानात तिथल्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये सामील व्हायला होकार दिला तो 277 मतांनी. सव्वा लाखाहून जास्त मतांत 277! पाण्याची टंचाई आणि तिजोरीची तंगी, यांपुढे अभिमान नमला असं माझं मत. 1 जानेवारी 1898ला विलीनीकरण झालं आणि ब्रुकलिनचा सिटी हॉल झाला बरो हॉल. जुन्या संसाराच्या खुणा मात्र राहिल्या. ब्रुकलिन आणि क्वीन्स यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संस्था आजही न्यूयॉर्कच्या ग्रंथालयापासून वेगळ्या आहेत. शिवाय ब्रुकलिन ही एक अख्खी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, आहे, किंग्ज काउंटी. तिचा सरकारी वकील तिथले मतदार निवडतात.

पण मी जन्मभर पालिकेच्या करखात्यात घासलेली बाई. शहर कोणतं हे मी घरपट्टीच्या पावतीवरून ठरवते. ब्रुकलिनकरांचा मालमत्ता कर न्यूयॉर्क शहराच्या तिजोरीत जातो. महापौर, पोलीस, अंदाजपत्रक सगळं सामाईक. बरोचा अध्यक्ष निवडून येतो खरा, पण त्याच्या हातात शिफारशीपलीकडे फारसं काही नाही. पूर्वी न्यूयॉर्क शहराच्या अर्थकारणाच्या मंडळात प्रत्येक बरोला एक मत असे. वीसबावीस लाखांच्या ब्रुकलिनला एक आणि साडेतीन लाखांच्या स्टेटन आयलंडलाही एकच! 1989मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही रचना घटनाबाह्य ठरवली आणि ते मंडळच गेलं.

आता ह्यूस्टनचंही ऐका. त्याची हद्द 1,600 चौरस किलोमीटरच्या वर आहे, ब्रुकलिन 180च्या आसपास. आजूबाजूची गावं-वस्त्या हद्दीत ओढत गेलं की आकडा फुगणारच. आपल्याकडे मुंबई उपनगर जिल्ह्याची 2011ची लोकसंख्या 93 लाखांवर, पुणे महापालिकेची 31 लाखांच्या घरात. म्हणून काही उपनगराला कोणी राज्यातलं सर्वांत मोठं शहर म्हणत नाही. बोरिवलीची घरपट्टी मुंबई महापालिकाच घेते.

तेव्हा गुण ह्यूस्टनला. भाच्यासाठी एखादं उत्तेजनार्थ बक्षीस उरलं असेल तर द्या. आणि पुढच्या वर्षी प्रश्नात ‘महापालिकेच्या हद्दीनुसार’ आणि ‘कोणत्या जनगणनेनुसार’ हे दोन्ही लिहायला काकांना आत्ताच सांगून ठेवा.