चित्र मांजरीच्या पिल्लाचं आणि नाव बुटांच्या दुकानाचं, असं का? (जुनी अमेरिकन ट्रेड कार्डं)

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीतल्या फ्ली मार्केटमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) मिळालेल्या कार्डावर मांजरीचं पिल्लू घेतलेली मुलगी आहे आणि खाली काळ्या अक्षरात बुटांच्या दुकानाचं नाव, तर दोन्हीचा संबंध काय, आणि कार्ड खरंच १८८०च्या आसपासचं आहे का.

संबंध काहीच नाही. ट्रेड कार्ड म्हणजे दुकानदार जाहिरातीसाठी गिऱ्हाइकांना फुकट वाटायचे ते छोटं कार्ड, आणि तुमच्याकडच्या प्रकाराला स्टॉक कार्ड म्हणतात. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातले मोठे लिथोग्राफर (दगडावरून छपाई करणारे) अशी रंगीत चित्रं हजारोंनी छापायचे आणि चित्रात किंवा खाली थोडी जागा कोरी सोडायचे, मग गावातला छापखानेवाला ती गठ्ठ्याने घ्यायचा आणि दुकानदाराने नमुन्यांतून एखादं पसंत केलं की त्याचं नाव-पत्ता त्या कोऱ्या जागेत टाइप जुळवून काळ्या शाईत छापून द्यायचा. आपल्याकडे शिवकाशीहून लक्ष्मीचं चित्र छापून येतं आणि खाली आपल्या किराणावाल्याचं नाव येतं ना, अगदी तसंच. त्यामुळे तुमचीच मुलगी आणि तेच पिल्लू दुसऱ्या गावात एखाद्या दातांच्या डॉक्टरच्या नावाने सापडलं तर दचकू नका. छोट्या दुकानदाराला स्वतःचं चित्र काढून घेणं परवडायचं नाही, मोठ्या कंपन्यांना परवडायचं, म्हणून शिलाई मशीन, दोरा, साबण, कॉफी यांची कार्डं त्या मालासाठीच खास काढलेली दिसतात.

ट्रेड कार्डाचा मूळ प्रकार लंडनचा आणि बराच जुना. घरांना नंबर नव्हते तेव्हा पत्ता म्हणजे दुकानावर टांगलेलं चिन्ह, तेच चिन्ह तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायचे, आणि गिऱ्हाइकाला दिलेल्या त्याच कागदाच्या मागे कित्येकदा बिलही लिहायचे. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७२०मध्ये स्वतःच्या धंद्याचं असं कार्ड कोरलं होतं. पण ते सगळं एकरंगी. रंग आला तो दगडावरच्या छपाईमुळे, एंगेलमन नावाच्या छपाईवाल्याने १८३७मध्ये फ्रान्समध्ये क्रोमोलिथोग्राफीचं, म्हणजे दगडावरच्या रंगीत छपाईचं, पेटंट घेतलं त्यानंतर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर तेलकट शाईने उलटं चित्र, आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून एकेकदा न्यायचा, केसभर सरकला तरी ओठांचा लाल गालावर जातो. बॉस्टनच्या लुई प्रँग या लिथोग्राफरने १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात फुलांची चित्रं असलेली आपली कार्डं वाटली, ती लोकांना इतकी आवडली की कोरी जागा ठेवलेली कार्डं विकणं हाच एक धंदा झाला, आणि १८७६च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनानंतर तर देशभर लाट आली.

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त भावतं ते हे की घरात रंगीत चित्र म्हणून लोकांकडे दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून बायका आणि मुलं ही फुकटची कार्डं जमवून वह्यांत चिकटवायची. आज आपल्यापर्यंत पोचलीत ती बहुतेक या वह्यांमुळेच. सर्कसवाल्या बार्नमने १८८२मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जंबो हत्ती विकत आणला तेव्हा दोऱ्याच्या कार्डांवर लगेच जंबो आला, आमचा दोरा हत्तीलाही ओढतो म्हणून! १८८३ला ब्रुकलिन ब्रिज खुला झाला, तोही आला. पण याच ढिगात चिनी, आयरिश आणि कृष्णवर्णीय माणसांची अत्यंत अपमानास्पद चित्रंही भरपूर आहेत, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा १८८२चा, आणि त्या काळातल्या साबण-धुलाईच्या कार्डांवर तो द्वेष उघड दिसतो. संग्रह करताना ही कार्डं लपवू नयेत असं माझं ठाम मत आहे. औषधांचंही तसंच, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या एका कंपनीचं १८८५चं दातदुखीच्या कोकेन ड्रॉप्सचं कार्ड आहे, किंमत १५ सेंट, आणि चित्रात खेळणारी लहान मुलं.

आता खरं-खोटं. साधं दहापट भिंग घ्या आणि मुलीच्या गालाकडे बघा. हाताने टिंबं दिलेल्या दगडी छपाईत ती लहानमोठी, वेडीवाकडी असतात आणि रंग एकावर एक चढलेले दिसतात. एकसारख्या ओळीत किंवा छोट्या गोल फुलांसारखी टिंबं दिसली तर ते नंतरच्या काळातलं रिप्रिंट, वर सांगितलेल्या कोकेनच्या कार्डाची तर अशी कितीतरी निघालीत. दुसरं म्हणजे दुकानाच्या नावावरून पाठीमागे हलकं बोट फिरवा, टाइपचा दाब कधीकधी लागतो. पाठीवर डिंक किंवा फाटलेला कागद असेल तर ते वहीतून निघालेलं आहे, कृपा करून पाण्यात भिजवून साफ करायला जाऊ नका.

ही कार्डं १८९०नंतर मागे पडली कारण मासिकांना टपालाचा दर १८८५मध्ये पौंडाला १ सेंटवर आला, मासिकं स्वस्त झाली आणि जाहिरातीचा पैसा तिकडे गेला, शिवाय लोक पोस्टकार्डं जमवायला लागले. (हेच दगडी छपाईचं तंत्र आपल्याकडेही त्याच सुमारास रुळलं, पुण्याचा चित्रशाळा प्रेस १८७८चा, रविवर्मांचा मुंबईतला छापखाना १८९४चा, ती देवादिकांची चित्रं भिंगाखाली बघितलीत तर तशीच टिंबं दिसतील.)

तुमच्या कार्डाची तारीख मात्र चित्रावरून काढू नका, चित्र वर्षानुवर्षं विकलं जायचं. तारीख त्या काळ्या अक्षरांत आहे. त्या काळी बऱ्याच शहरांच्या सिटी डिरेक्टरी निघायच्या, त्यात दुकानदार, धंदा आणि रस्ता असतो, गावाच्या लायब्ररीत किंवा हिस्टॉरिकल सोसायटीत विचारा, कित्येक तर स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. ते दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत दिसतं ते बघा, तेवढ्यातलंच तुमचं कार्ड. आणि पाठीमागची बाजू तुम्ही दाखवलीच नाहीये, तिचा फोटो टाका, तिथे मालाची यादी किंवा भाव छापलेले असतील तर वर्ष अजून जवळ आणता येईल.