लाउटर टन: निवळ आणि निव्वळ

वाळूजच्या एका बिअर कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. कामगारांसाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहिताना ते 'लॉटर टन' या गाळण्याच्या भांड्यापाशी अडले. शब्द जर्मन आहे असं कळल्यावर मोबाइलवर अर्थ शोधला, तर उत्तर आलं 'अधिक मोठ्याने'. "प्लांटमध्ये गोंगाट आहे खरा, पण म्हणून भांड्याला हे नाव पडलं असेल का?" असं ते विचारतात. उच्चार नेमका काय आणि पुस्तिकेत काय लिहावं, हेही त्यांना हवं आहे.

मोबाइलने थाप मारलेली नाही, फक्त पत्ता चुकवला. जर्मनमध्ये 'लाउटर' या एकाच स्पेलिंगमागे दोन वेगळे शब्द आहेत. 'लाउट' म्हणजे मोठा, खणखणीत (आवाज), आणि 'लाउटर' म्हणजे त्याहून मोठा. हा इंग्रजी 'लाउड'चा सख्खा भाऊ आणि आपल्या 'श्रुत'चा चुलतभाऊ. तिघांचंही मूळ 'ऐकणे'. त्याला इथेच निरोप देऊ.

दुसरा 'लाउटर' म्हणजे स्वच्छ, नितळ, बिनभेसळीचा. त्याचं मूळ 'धुणे' या अर्थाच्या धातूत आहे. त्याच धातूतून लॅटिनला 'क्लोआका' म्हणजे गटार मिळालं. धुतलेलं आणि धुवण दोन्ही एकाच घरचं, त्यामुळे यात नवल काही नाही. जर्मनीत लाउटर नावाच्या नद्याही आहेत. फुटबॉलवाल्यांना ठाऊक असलेलं कायझर्सलाउटर्न हे गाव अशाच एका लाउटर नदीवरचं. नावातला 'कायझर' म्हणजे सम्राट, बाराव्या शतकातला फ्रेडरिक बार्बारोसा.

आता खरी गंमत. हा शब्द पाण्यावरून माणसाच्या वागण्यावर सरकला. 'लाउटर' माणूस म्हणजे मनात किल्मिष नसलेला. त्याचं उलट 'उनलाउटर'. व्यापारातल्या लबाडीविरुद्ध जर्मनीत १९०९ साली जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'उनलाउटर स्पर्धा' आहे. आणखी पुढे सरकत 'भेसळ नाही'चा अर्थ 'दुसरं काहीच नाही' असा झाला. 'लाउटर ल्यूगन' म्हणजे निव्वळ थापा. 'फोर लाउटर फ्रॉइडं' म्हणजे निव्वळ आनंदाच्या भरात. स्वच्छतेचा शब्द थापांना लावताना जर्मन माणसाला काही वावगं वाटत नाही.

आपल्याला तरी कुठे वाटतं? पाणी निवळ असतं, गढूळ पाणी निवळतं, भांडणानंतर वातावरणही निवळतं. आणि 'निव्वळ मूर्खपणा', 'निव्वळ योगायोग', 'निव्वळ नफा' हेही आपण रोज म्हणतो. तोच नितळपणा, 'फक्त तेवढंच' या अर्थापर्यंत पोचलेला. 'लाउटर'चा अर्थ कोणी विचारला तर मी कोशातले पाच पर्याय देत बसणार नाही, निवळ आणि निव्वळ हे दोनच सांगेन.

या विशेषणावरून क्रियापद झालं 'लॉइटर्न', म्हणजे निवळ करणं. काचवाले वितळलेल्या काचेतले बुडबुडे काढतात, ते लॉइटर्न. संकटातून तावूनसुलाखून निघालेला माणूस 'गलॉइटर्ट'. मिठाईवाल्यांचा 'लॉइटरत्सुकर' म्हणजे मळी काढलेला साखरेचा पाक; आपल्याकडे त्यासाठी उकळत्या पाकात चमचाभर दूध घालतात आणि वर येणारी काळपट साय झाऱ्याने काढून टाकतात. 'एरलॉइटर्न' म्हणजे समजावून सांगणं, अर्थात विषय निवळ करणं.

बिअरवाल्यांचं लॉइटर्न असं: भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात कालवला की धान्यातल्या पिठाची साखर होते. हा लगदा, म्हणजे मॅश, ज्या भांड्यात ओततात त्याला बारीक फटी असलेला दुसरा तळ असतो. पण गाळण्याचं खरं काम तो करत नाही. बार्लीची टरफलं त्याच्यावर बसतात आणि त्यांचाच थर गाळणी होतो. म्हणून माल्ट फार बारीक दळत नाहीत, आणि टरफल नसलेला गहू जास्त असला तर काही ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, भाताचा तूस मिसळतात. सुरुवातीला येणारा रस गढूळ असतो. तो पुन्हा वर सोडायचा, थर नीट बसून रस निवळ येईपर्यंत. मग वरून गरम पाणी शिंपडून उरलीसुरली साखर धुऊन घ्यायची. चोथा गुरांना जातो.

जर्मनमध्ये या भांड्याचं नाव 'लॉइटरबॉटिश', बॉटिश म्हणजे मोठं पिंप. इंग्रजांना असा शब्द लागला नव्हता, कारण त्यांच्या जुन्या पद्धतीत मॅश करणं आणि रस काढणं एकाच भांड्यात, मॅश टनमध्ये होई. जर्मन पद्धतीत मॅशचा काही भाग वेगळा काढून उकळत, त्यामुळे भांडी वेगळी आणि नावंही वेगळी. पद्धत इंग्रजीभाषक ब्रूअरांकडे गेली ती नाव घेऊनच. जाताना स्पेलिंगमधल्या 'ए'वरचे दोन ठिपके गळाले आणि 'लॉइटर'चं 'लाउटर' झालं. बॉटिशच्या जागी घरचा 'टन' आला. (वजनाचा टनही याच पिंपातून निघालेला, पण भांडं किती किलोचं हे त्यावरून काढू नका.) मग इंग्रजीने 'लाउटर' हे थेट क्रियापदच करून टाकलं. थापा, आनंद, कायदा, सगळं जर्मनीत राहिलं. इंग्रजीत आला तो फक्त गाळण्यापुरता.

उच्चार 'लाउटर'च, 'आउटर'सारखा. 'लॉटर' हा 'ऑटो', 'ऑडिट'च्या सवयीने पडलेला. भांड्याचं नाव पुस्तिकेत 'लाउटर टन' असंच ठेवा. 'निर्मलीकरण पात्र' वगैरे लिहिलंत, तर कामगार शेजारच्याला विचारेल, "म्हणजे लॉटर टनच ना?" क्रिया मात्र मराठीत सांगा: 'रस निवळ येईपर्यंत पुन्हा वर सोडावा.'