लिफ्ट केलेला पिकअप, आदळणारी चाकं आणि कलम ५२

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझ्याकडे खासगी नोंदणीचा डबल कॅब पिकअप आहे. दिवाळीनंतर पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनवाल्याकडून गाडी तीन इंच उंच करणारं लिफ्ट किट आणि मूळ २५५/६५ आर १७ काढून २८५/७० आर १७ टायर बसवले. सगळे मिळून दोन लाख चाळीस हजार गेले. ‘गादीसारखी चालेल’ असं त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. आता पुलाच्या जोडावरसुद्धा दणका बसतो, मागं माल नसला की गाडी उडते, ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग भटकतं. आईला गाडीत बसवणं बंद केलंय. तो म्हणतो, ‘ऑफरोड गाडी अशीच चालणार.’ पुढच्या अ‍ॅक्सलचं रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) फाटलं, तर शोरूमनं वॉरंटी नाकारली. ग्राहक न्यायालयात जाऊन त्याच्याकडून काम नीट करून घेता येईल का?

उत्तर : ‘काम नीट करून द्या’ अशी मागणी घेऊन ग्राहक आयोगापुढे (तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय) जाऊच नका. मागायचंच तर ‘हे सगळं काढायचा खर्च द्या आणि माझे पैसे परत करा’ असं मागा. पहिली मागणी म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

कारण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं आणि राज्याच्या नियमांचा आधार घेऊन त्यातून सुटता येणार नाही हेही सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. तुमचं लिफ्ट वेगळं मोजलं जाईल आणि टायर वेगळे.

अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर फिरतात, असं तुम्ही म्हणाल. फिरतात की. पण त्यांचे मालक तसं शपथपत्रावर लिहून देत नाहीत. तुम्हाला तक्रारीत ते लिहावं लागेल. बेकायदा बदल आणखी चांगला करून द्या, असा आदेश कुठलाही आयोग देणार नाही. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला टायर असता, तर निदान वाद घालायला जागा होती. तुमच्या टायरचा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त भरतो, वर तीन इंचांचं लिफ्ट. इथं वादाला फार वाव नाही.

मॉडिफिकेशनवाल्याचा पहिला बचाव ठरलेला असेल : ‘गिऱ्हाइकानंच मागितलं.’ कायद्यानं मना केलेल्या गोष्टीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो, आणि दोघंही जाणूनबुजून त्यात असतील तर पैसे परत मिळवणं अवघड होतं. म्हणून तुमचं प्रकरण एका गोष्टीवर उभं राहील किंवा पडेल : त्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं? ते व्हॉट्सअ‍ॅप संभाषण पहिल्यापासून वाचून काढा. त्यात कुठं ‘आरटीओ अप्रूव्ह्ड’, ‘काही प्रॉब्लेम येत नाही’, ‘वॉरंटीला धक्का नाही’ असं असेल तर ती खोटी माहिती देऊन केलेली विक्री आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. पण ‘आरटीओचं बघून घेऊ’ असा तुमचाच मेसेज सापडला, तर मला आधी फोन करा. तक्रारीचा मसुदा वेगळा करावा लागेल. संभाषणातलं काहीही डिलीट करू नका. फोन सांभाळा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायची वेळ येऊ शकते.

आता दणक्यांकडे. दणके बसतात, एवढं सांगून भागत नाही. आयोगाचे सदस्य तुमच्या गाडीत बसून बघणार नाहीत. ते कागदावर आणावे लागतात. पिकअपचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मालाच्या हिशेबानं बसवलेले असतात, त्यामुळे रिकामी गाडी थोडी उडतेच. एवढ्यापुरतं समोरचा खरं बोलतोय. पण उंचीसाठी त्यानं आणखी एक पाटा घातला असेल तर ती जास्तच कडक होते. गाडी उचलून शॉकअ‍ॅब्सॉर्बर मूळ लांबीचेच ठेवले, तर ते जवळजवळ पूर्ण उघडलेले राहतात आणि चाक खड्ड्यात उतरताच टोकाला लागतात. तो ठक्क आवाज तिथून येतो. पुढची उंची वाढली की चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कल, कमी होतो आणि स्टेअरिंग सरळ राहत नाही. अ‍ॅक्सलचा कोनही वाढतो. बूट फाटायचं कारण बहुधा तेच.

बिल काढून बघा. त्यात नव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे पैसे लावलेत, आणि गाडीखाली मात्र कंपनीचा शिक्का असलेले जुनेच आहेत, असं निघालं तर याहून स्वच्छ पुरावा नाही. मग गाडी चांगल्या अलाइनमेंट सेंटरवर न्या आणि मशीनचा छापील कागद घ्या. त्यावर कंपनीची मर्यादा आणि तुमच्या गाडीचा आकडा शेजारीशेजारी येतो. कॅस्टरचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो कागद तुमच्या दहा पानांच्या तक्रारीला भारी पडेल. टायरमधली हवाही मोजून लिहून ठेवा. असल्या जाड टायरवर छापलेला कमाल दाब म्हणजेच भरायचा दाब, असं समजून हवा ठोकणारे कमी नाहीत. तुमचे निम्मे दणके हवेचेच असू शकतील. पण आधी नोंद, मग हवा कमी.

हे झालं की परवानाधारक मोटार सर्व्हेयरकडून फोटोंसह लेखी तपासणी करून घ्या. त्यानंतरच गाडी मूळ स्थितीत आणा. हा क्रम उलटा झाला तर पुरावाच गेला. काढलेलं सामान विकू नका, आयोग तज्ज्ञ तपासणी मागवू शकतो. गाडी पूर्ववत केल्याची बिलं नुकसानभरपाईच्या मागणीत जातील.

मग स्पीड पोस्टानं नोटीस, उत्तराला पंधरा दिवस. उत्तर आलं नाही तर तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दुकान पुण्यात असलं तरी चालतं, कारण २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नं तक्रारदार राहतो तिथं दाद मागायची मुभा दिली आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे तक्रार शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. गाडीतून द्राक्षाचे क्रेट नेता म्हणून समोरचा वकील ‘व्यावसायिक वापर’ असा मुद्दा काढेल. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः केलेला वापर त्यात मोडत नाही, हे तक्रारीतच लिहून ठेवू.

शोरूमला या तक्रारीत ओढू नका. बूट लिफ्टमुळे फाटलं असेल तर त्यांचा नकार टिकतो, आणि तोच लेखी नकार तुम्हाला मॉडिफिकेशनवाल्याविरुद्ध कामी येतो. उद्या एसी किंवा म्युझिक सिस्टिम बिघडली आणि त्यालाही लिफ्टचंच कारण सांगितलं, तर ते वेगळं भांडण; तेव्हा बिघाडाचा त्या बदलाशी संबंध काय, हे त्यांना दाखवावं लागेल.

गाडी पूर्ववत होईपर्यंत महामार्गावर काढू नका. विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर अपघातात तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर याच मुद्द्याची हरकत येईल. आणखी एक भानगड : टायर मोठे झाल्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवतो. पूर्वी ज्या खऱ्या वेगाला काटा ८७ वर जायचा, तिथं तो आता ८० वरच थांबतो. या काळात वेगाचं ई-चलान आलं असेल तर ते भरून टाका. काटा चुकीचा होता असं सांगायला गेलात, तर त्याचं कारणही सांगावं लागेल.

तुमचे मूळ टायर आणि स्प्रिंगा कुठं आहेत, ते पत्रात नाही. दुकानात राहिल्या असतील तर नोटिशीत पहिली मागणी त्यांची घालू. ‘एक्स्चेंज’मध्ये दिल्या असतील तर किती रुपये वजा केले, तो बिलाचा कागद सोबत आणा.