लेझरला हो म्हणण्याआधी

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मल्टिफोकल लेन्स बसवून दोन महिने झाले, पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती खळं दिसतं, आणि आता हॉस्पिटलवाले मागचा पडदा लेझरने साफ करू म्हणतात" हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या उजव्या डोळ्याची हीच कथा. मी डॉक्टर नाही, निवृत्त बँकवाला आहे, तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी ताडून पाहा.

थेंब, काळा चष्मा वगैरे तुम्हाला माहीत असेलच. सांगायचं ते एवढंच की खळं नेमकं कशामुळे दिसतंय हे ठरेपर्यंत ते लेझर, म्हणजे यॅग, करून घेऊ नका. इथे पडदा म्हणजे रेटिना नव्हे, बसवलेल्या लेन्सच्या मागची पातळ पिशवी; ती धूसर झाली की यॅगने तिला भोक पाडतात.

मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देते. दिव्याची एक प्रतिमा नेमकी पडते, दुसरी तिच्याभोवती पसरते. रात्री बाहुली मोठी होते, म्हणून त्रास तेव्हाच जास्त. हा पडदा धूसर झाला असेल तर गोष्ट वेगळी असते: आधी छान दिसत असतं, मग हळूहळू धूसर होतं, दिवसासुद्धा. तुमचं खळं पहिल्या आठवड्यापासून आहे म्हणता. मग संशय आधी लेन्सवर घ्यायला हवा ना?

माझ्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तपासणीला गेलो, "थोडा पडदा दिसतोय, पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाले आणि त्याच दुपारी करून मोकळे झाले. खळं जिथल्या तिथे. पुढे दुसऱ्या शहरातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितलं की पडदा शाबूत असता तर लेन्स काढून साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स, बसवणं तुलनेने सोपं होतं. यॅगने त्याला भोक पडलं की ते बुजत नाही; मग लेन्स बदलताना मागचा जेलीसारखा द्रव पुढे येण्याची भीती, म्हणजे जोखीम वाढली. हे आधी सांगायला किती वेळ लागला असता? पॅकेजचे तक्ते दाखवायला मात्र त्यांच्या काउन्सेलर मॅडमकडे अर्धा तास होता! यॅग वाईट नाही, खरंच पडदा धूसर झाला असेल तर उत्तमच. राग त्या घाईचा आहे.

लेझरआधी तीन गोष्टी तपासून घ्या. उरलेला नंबर, विशेषतः सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेचा नंबर: रात्रीपुरत्या अर्ध्या नंबरच्या चष्म्यानेही काहींचा त्रास बराच उतरतो. कोरडेपणा: डोळे मिचकावल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल तर तोही कारण असू शकतो. आणि थोडा धीर. मेंदूला सवय व्हायला साधारण तीन ते सहा महिने धरतात. कानाकडच्या कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल तर ती वेगळी भानगड, बहुधा आपोआप विरते.

दुसरं मत घ्यायला जाताना कोणती लेन्स बसवली ते सांगणारं स्टिकर आणि ऑपरेशनआधीची मापं लागतील. आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खिडकीने मला "साहेब सुट्टीवर" एवढंच ऐकवत ठेवलं. तोंडी मागू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. हे वाक्य अर्जातच लिहिलं की सुट्टीवरचे साहेब परत येतात, असा अनुभव आहे.

एका गोष्टीत मात्र धीर धरू नका: अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली सरकली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी.

रात्री चालवायचे म्हणून विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका, प्रकाश कमी होतो इतकंच. मी रात्रीची गाडी मुलाकडे दिली आहे. आणि दुसरा डोळा बाकी असेल तर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत तारीख घेऊ नका. मी डावीकडे साधी मोनोफोकल घेतली. वाचायला चष्मा लागतो, त्याचं मला काही वाटत नाही.